परदेशी शिकायला निघालात? स्वेटर राहू द्या, मोजे विणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून-जुलै आला की परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींसाठी सामानाच्या याद्या सगळीकडे छापून येतात. कुकर, मसाल्यांच्या पुड्या, थर्मल, प्लगचे अडॅप्टर, कागदपत्रांच्या प्रती, सगळे त्यात असते. विणकामाचा उल्लेख आलाच तर आजीने किंवा मावशीने विणून दिलेल्या स्वेटरपुरता. पण आता बरीच मुले-मुली स्वतः विणतात आणि सुया-लोकर बरोबर न्यायची त्यांची इच्छा असते. विणकाम शिकवणाऱ्यांना त्यांचे प्रश्नही ठरलेले येतात. सुया विमानात चालतात का? किती लोकर न्यावी? सेमिस्टरमध्ये स्वेटर पुरा होतो का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरे त्यातूनच निघतात. स्वेटर पुरा होत नाही. मोजा होतो.

हिशेब टाक्यांचा करावा. मध्यम मापाचा, १०० सेंमी छातीचा स्वेटर १० सेंमीत २२ टाके येतील अशा लोकरीत विणला, तर एका फेरीत २२० टाके. धड, खांद्याकडचा भाग आणि दोन बाह्या मिळून साधारण ६० हजार टाके होतात. सवयीचा हात मिनिटाला २५ ते ३० टाके विणतो, म्हणजे ३३ ते ४० तास निव्वळ सुया चालल्या पाहिजेत. उसवणे, मोजणे, शिवणे, धुणे वेगळे. आठवड्याला खरोखर चार तास मिळणाऱ्या विद्यार्थ्याला हे दहा आठवड्यांचे काम आहे आणि त्या दहा आठवड्यांत एक मिडटर्म आणि दोन-चार सबमिशन येतातच. त्याउलट ६४ टाक्यांचा मोजा बॉर्डर, नळी, टाच, पाऊल आणि बोटांकडचे टोक धरून सुमारे १० हजार टाक्यांत संपतो. एक मोजा पाच-सहा तासांचा आणि जोडी बारा तासांच्या आत-बाहेर.

वजनाचाही प्रश्न आहे. स्वेटरला ४०० ते ५०० ग्रॅम लोकर लागते. एका बॅगेला २३ किलोची मर्यादा असताना अर्धा किलो लोकर म्हणजे अर्धा किलो पोहे किंवा एक जाड पुस्तक घरी ठेवणे. हवा काढलेल्या पिशवीत भरल्याने आकार कमी होतो, वजन नाही. मोजांच्या जोडीला १०० ग्रॅम पुरते. शिवाय थंड देशात दिवसाचा बहुतेक वेळ तापवलेल्या खोल्यांत जातो. तिथे जाड स्वेटर अंगावर नकोसा होतो आणि बर्फाच्या जॅकेटच्या बाहीत त्याची बाही कोंबावी लागते. बर्फात अंग राखायला दुकानातले जॅकेट बरे. हाताने विणलेल्या वस्तूचा खरा उपयोग पाय, कान आणि मनगट यांना होतो. आजी-मावशींनाही हे सांगायला हवे. प्रेमाने विणलेले तीन स्वेटर कपाटात पडून राहतात आणि मुलगी बाजारातले नायलॉनचे मोजे घालून वर्गात जाते.

आता मोजाच. लोकर चार पदरी, बारीक, ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन अशी घ्यावी. ५० ग्रॅमच्या गुंड्यात साधारण २०० ते २१० मीटर धागा असतो आणि एका गुंड्यात एक मोजा होतो. नायलॉन हवेच, नाहीतर टाच दोन महिन्यांत विरते. आपल्याकडे तुळशीबागेत किंवा दादरला मिळणारी रंगीत ‘बेबी वूल’ अनेकदा पूर्ण अ‍ॅक्रिलिक असते. शिकण्यासाठी ती उत्तम, मोजांसाठी नाही. अ‍ॅक्रिलिक घाम शोषत नाही. खरी लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओल आत घेऊनही ओली लागत नाही, बुटात पाय गारठत नाही तो त्यामुळे. लेबलाचा भरवसा नसेल तर धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून काडीने पेटवून पाहावा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते, अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. हा प्रयोग निघण्यापूर्वी घरी, मोरीत करावा. वसतिगृहाच्या खोलीत केला तर धुराचा अलार्म वाजून सगळी इमारत रस्त्यावर येईल.

खरे तर मोजांची लोकर इथून नेण्याचे कारणच नाही. ब्रिटन, जर्मनी, अमेरिका सगळीकडे ती सहज मिळते. जर्मनीत रेगिया, ओपल यांच्या चार पदरी लोकरी खास मोजांसाठीच असतात. अमेरिकी लेबलावर लोकरीच्या जाडीचा आकडा ० ते ७ असा छापलेला असतो, मोजांसाठी १ पाहावा, टोपीसाठी ३ किंवा ४. प्रवासापुरते दोन गुंडे इथून न्यावेत आणि पुढचे तिकडे घ्यावेत. ब्रिटनमधल्या चॅरिटी शॉपमध्ये जुन्या सुया आणि उरलेली लोकर स्वस्तात मिळते. कसर लागलेली नाही ना, हे मात्र गुंडा उजेडात फिरवून पाहावे. तुटके धागे आणि वाळूसारखे कण दिसले तर फुकटातही घेऊ नये, कारण तेवढ्याने कपाटातल्या बाकीच्या लोकरीलाही कसर लागते.

ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. तिथे प्राणिजन्य आणि लाकडी वस्तू आगमनाच्या अर्जात घोषित कराव्या लागतात. लोकर प्राणिजन्य आणि बांबूची सुई वनस्पतिजन्य, म्हणजे विणकामाची पिशवी दोन्हीकडून घोषणेत येते. स्वच्छ, रंगवलेली, कारखान्यात तयार झालेली लोकर सहसा अडवत नाहीत. लपवली आणि सापडली तर मात्र दंड. ‘हो’वर खूण करावी आणि पिशवी दाखवावी, दोन मिनिटांचे काम असते.

सुयांच्या नंबरांत तर हमखास गोंधळ होतो. आपल्याकडे घरोघरी चालणारे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकी पद्धतीत नंबर वाढला की सुई जाड होते. आपली ८ नंबर म्हणजे ४ मिमी, अमेरिकेत तीच ६ नंबर. अमेरिकेची ८ नंबर ५ मिमीची, जी आपल्याकडे ६ नंबर. १० नंबरला तर फरक दुपटीजवळ जातो, आपली ३.२५ मिमी आणि त्यांची ६ मिमी. आईने फोनवर ‘दहा नंबरच्या सुयांवर घाल’ म्हटले आणि मुलीने न्यू जर्सीच्या दुकानातून १० नंबर आणली, तर टोपीची मच्छरदाणी होणार. म्हणून नंबर विसरावा आणि मिलिमीटर बोलावे. मोजांसाठी २.२५ किंवा २.५ मिमी, टोपीसाठी ४ मिमी. पॅटर्न उतरवून घेतानाही शेजारी मिमी लिहावे. क्रोशाची तऱ्हा वेगळी. तिथे टाक्यांच्या नावांतच घोळ आहे. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच ब्रिटनमध्ये डबल क्रोशे म्हणतात. पॅटर्न कोणत्या देशाचा, हे पहिल्या ओळीआधी पाहावे.

सुई सर्क्युलरच घ्यावी, ८० सेंमी केबलची. लांब सरळ सुया घरच्या पलंगावर ठीक. विमानात आणि वर्गात त्यांची टोके शेजाऱ्याच्या कोपराला लागतात आणि हातातून सुटली तर सुई तीन रांगा पुढे घरंगळत जाते. सर्क्युलर सुईची दोन्ही टोके केबलने जोडलेली असल्याने एक सुटली तरी लोंबकळत राहते. ८० सेंमी केबलवर मोजाचे ६४ टाके अर्धे-अर्धे विभागतात, केबलची वळी दोन्ही बाजूंनी बाहेर काढतात आणि एका वेळी ३२ टाके विणतात. वळी जिथे निघते तिथे पहिल्या आठवड्यात हमखास एक उभी सैल रेघ दिसते. ती जाण्यासाठी प्रत्येक बाजूचा दुसरा टाका घट्ट ओढावा, पहिला नव्हे. पहिला ओढला तरी सुई पुढे सरकताच तो पुन्हा सैल पडतो. बदलता येणारी टोके असलेली सुई परवडत असेल तर तीच घ्या. टोके काढून केबलला टोपणे लावली की टाके कुठेही जात नाहीत, याचा उपयोग पुढे येतो. निटप्रोच्या अशा सुया भारतातच बनतात आणि बाहेरदेशी त्याच महाग पडतात, तेव्हा सुया मात्र इथून घ्याव्यात. धातूची की बांबूची? जुलैच्या दमटपणात घामेजल्या हाताने शिकताना अ‍ॅक्रिलिक लोकर बांबूवर अडकत चालते, तेव्हा धातूची बरी. वर्गात आणि विमानात बांबूची, कारण ती वाजत नाही.

विमानतळाची तपासणी हा काळजीचा विषय. अमेरिकेच्या टीएसए या वाहतूक-सुरक्षा यंत्रणेच्या यादीप्रमाणे विणकामाच्या सुया केबिनमध्ये चालतात. ब्रिटन सरकारच्या यादीतही त्यांना मुभा आहे. पण दोन गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. एक, यादीत काहीही असले तरी तपासनाक्यावरच्या माणसाचा निर्णय अंतिम. आपल्याकडे बहुतेक मोठ्या विमानतळांवर तो सीआयएसएफचा जवान असतो आणि त्याच्याशी वाद घालून फायदा नाही. दोन, दुबई, दोहा किंवा फ्रँकफर्टला विमान बदलताना हातातल्या सामानाची पुन्हा तपासणी होऊ शकते आणि तिथे तिथले नियम. म्हणून तयारी अशी करावी की सुई गेली तरी काम जाणार नाही. घरून निघण्यापूर्वी शेवटच्या फेरीच्या सगळ्या टाक्यांतून बोथट टोकाच्या सुईने एक पातळ, वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा ओवून ठेवावा. दाताचा फ्लॉसही चालतो. टाके सुईवर असतातच, दोरा त्यांना खालून धरून राहतो. सुई काढून द्यावी लागली तरी एकही टाका सुटत नाही. केबिनमध्ये स्वस्तातली बांबूची सुई ठेवावी, महागडा संच चेक-इन बॅगेत.

कात्री केबिनमध्ये ठेवूच नये. अमेरिकेत पात्यांच्या जोडापासून टोकापर्यंत ४ इंचांहून लहान कात्री चालते, ब्रिटनमध्ये ६ सेंमीपर्यंतचे पाते चालते, पण भारतातून निघताना तिच्यावर पाणी सोडावे लागण्याची शक्यता जास्त. गळ्यात लटकवायचा गोल दोराकापाही नको. त्यात पाते आत लपलेले असते आणि टीएसए तो केबिनमध्ये येऊ देत नाही. धागा कापायला नेलकटर पुरतो. मुळात मोजाच्या नळीत धागा कापायची वेळच येत नाही, मोजा निवडण्याचे हेही एक कारण.

मुंबई-लंडन नऊ-दहा तासांची उड्डाणे. त्यातले जेवण, झोप, उठबस आणि उतरताना-चढताना सामान आवरण्याचा वेळ वजा केला तर प्रत्यक्ष विणायला चार-पाच तास. मिनिटाला २५ टाक्यांनी सहा-सात हजार टाके, म्हणजे बॉर्डर सोडून दोन्ही मोजांच्या नळ्या होऊन वर थोडे. तेवढेच काम हातात ठेवावे. बॉर्डर घरी घालून ठेवावी आणि विमानात फक्त सुलट टाक्यांच्या गोल फेऱ्या विणाव्यात. दिवे मंद केल्यावर काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीचे टाके दिसत नाहीत, फिका रंग घ्यावा. टाच विमानात वळवू नये आणि पोहोचल्यावर पहिले दोन-तीन दिवसही नाही. झोप उलटीपालटी झालेली असताना माणूस ‘दोन टाके एकत्र’ च्या जागी तीन एकत्र विणतो आणि ते कळते दहा फेऱ्या पुढे गेल्यावर.

मोजाची कृती थोडक्यात, कारण कुठे डोके लागते आणि कुठे नाही हे त्याशिवाय कळणार नाही. पावलाचा घेर मोजावा. २३ सेंमी असेल तर दहा टक्के कमी, म्हणजे पावणेएकवीस. १० सेंमीत ३१ टाके येत असतील तर ६४ टाके. ते दोन सुया एकत्र धरून घालावेत. एका सुईवर घट्ट घातले तर मोजा टाचेवरून चढतच नाही, घोट्यापासून टाचेपर्यंतचा तिरका घेर हा पायाचा सर्वांत मोठा घेर असतो. दोन सुलट दोन उलट अशी ५ सेंमी बॉर्डर, मग सगळे सुलट, एकूण नळी १५ सेंमी. इथपर्यंत डोके लागत नाही. पुढे ३२ टाक्यांवर टाचेची पट्टी ३२ ओळी. सुलट बाजूला एक टाका न विणता उचलायचा, एक विणायचा, असे केल्याने पट्टी दुहेरी जाड होते. आता वळण. १८ सुलट, दोन एकत्र, एक सुलट, उलटवणे. एक उचलून ५ उलट, दोन एकत्र, एक उलट, उलटवणे. पुढे दर ओळीत मधले टाके एकाने वाढवत जायचे आणि जिथे फट दिसते तिथले दोन टाके एकत्र करायचे, शेवटी १८ उरतात. पट्टीच्या दोन्ही कडांवरून १६-१६ टाके उचलायचे आणि फेरीआड घट करत पुन्हा ६४ वर यायचे. मग पाऊल, पुन्हा बिनडोक सुलट. पायाच्या टोकाच्या ५ सेंमी अलीकडे टोकाची घट. फेरीआड चार टाके कमी करत ३२ वर, नंतर दर फेरीला १६ वर आणि ते १६ सुईने एकमेकांत शिवून बंद.

म्हणजे दोन जागा अवघड, टाच आणि शेवटची शिवण. दोन्ही मिळून तासा-दीड तासाचे काम. बाकी नळी आणि पाऊल बसमध्ये, कपडे मशीनला लावून वाट पाहताना, फोनवर आईशी बोलताना होते. आठवड्याची वाटणी त्याप्रमाणे करावी. आमचा आग्रह असा, की दोन्ही मोजांच्या नळ्या आधी विणाव्यात आणि दोन्ही टाचा एकाच रविवारी, टेबलाशी बसून वळवाव्यात. त्यासाठी दोन सर्क्युलर सुया लागतात, पण फायदा मोठा. एक मोजा पूर्ण करून दुसरा पुढच्या सेमिस्टरला घेतला की हात बदललेला असतो आणि जोडीतला एक मोजा अर्धा सेंमी आखूड निघतो. अनेकांचा दुसरा मोजा तर कधीच होत नाही. फेऱ्यांचा आकडा अंदाजाने लक्षात ठेवू नये, फोनमध्ये किंवा चिठ्ठीवर लिहावा.

वर्गात विणावे का? शिक्षकांना आधी विचारावे, एवढेच म्हणू. स्लाइड मिळणार असतील किंवा तास रेकॉर्ड होत असेल तर सुलट फेऱ्या चालतात. टिपणे काढायची असतील तर नाही, एका हाताला एकच काम. दहा जणांच्या चर्चेच्या तासाला विणणे समोरच्याला उद्धटपणाचे वाटू शकते, मग आपण कितीही लक्ष देत असू. प्रयोगशाळेत पिशवी उघडूच नये. ज्योत, आम्ल आणि फिरणारे यंत्र यांच्यापाशी लोंबता धागा हा धोकाच.

परीक्षेच्या काळात काम बाजूला पडते, ते पडावेच. ते कसे बाजूला ठेवले यावर मात्र पुढचे सगळे अवलंबून असते. फेरी किंवा ओळ मध्येच सोडू नये. टाचेच्या वळणात तर मुळीच नाही, कारण सहा आठवड्यांनी परत आल्यावर फट कोणत्या बाजूची हे ओळखता येत नाही. कामाला चिठ्ठी बांधावी. सुई किती मिमी, कितवी फेरी, पुढची पायरी काय. सुईची टोके काढून केबलला टोपणे लावावीत किंवा टाके जाड दोऱ्यावर घ्यावेत. आठवडेच्या आठवडे सुईवर ताणून राहिलेल्या टाक्यांची ओळ मोठी दिसते. लोकर खरी असेल तर धुतल्यावर ती बहुधा बसते, कारण ओली झाली की लोकर पुन्हा आपल्या जागी येते. अ‍ॅक्रिलिकमध्ये ती तशीच राहते. आणि अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवून ती बसवायला जाऊ नये, धागा मऊ पडून कापड लुळे होते आणि ते परत येत नाही.

परीक्षेनंतर हात सहसा घट्ट झालेला असतो. दोन फेऱ्या विणून जुन्या भागाशी ताडून पाहावे. १० सेंमीत ३१ ऐवजी ३३ टाके बसत असतील तर सुई पाव मिलिमीटरने जाड घ्यावी. जबरदस्तीने सैल विणायचा प्रयत्न टिकत नाही, तिसऱ्या मिनिटाला हात आपल्या वळणावर जातो. मोजाला हे सगळे मानवते. पहिले १० सेंमी हाच त्याचा नमुन्याचा तुकडा, चुकला तरी दीड-दोन तास वाया जातात. स्वेटरला तसे नाही. २२ ऐवजी २० टाके पडले की २२० टाक्यांचा १०० सेंमीचा स्वेटर ११० सेंमी होतो. म्हणून स्वेटर घ्यायचाच असेल तर डिसेंबर किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत, आधी १५ सेंमी चौकोन विणून, धुऊन, वाळवून, मधले १० सेंमी मोजून मगच.

दिवसभर टाइप करणाऱ्या बोटांना संध्याकाळी विणकाम म्हणजे विसावा नव्हे, त्याच स्नायूंना दुसरी पाळी. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले तर थांबावे. अर्ध्या तासाने सुया खाली ठेवाव्यात आणि सुई मुठीत आवळून धरण्याची सवय मोडावी. हीटरच्या कोरड्या हवेत बोटे फुटतात आणि बारीक धागा त्यात अडकतो. विणण्याच्या पंधरा मिनिटे आधी क्रीम लावावे, लगेच लावले तर लोकर तेलकट होते.

धुलाईत सर्वाधिक वस्तू मरतात. लोकरीच्या केसावर खवले असतात. ऊब, पाणी आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून नमद्यासारखे होते. वसतिगृहाच्या मशीनमध्ये ६० अंशांवर टाकलेला आणि वर ड्रायरमधून काढलेला मोजा बाळाच्या पायाचा होतो आणि परत मोठा होत नाही. लेबलावर ‘सुपरवॉश’ असेल तर खवल्यांवर प्रक्रिया केलेली असते. असा मोजा जाळीच्या पिशवीत ३० ते ४० अंशांवर चालतो, ड्रायर तरी टाळावाच. ‘सुपरवॉश’ नसेल तर बादलीत थंड पाणी, थोडा शाम्पू, पिळायचे नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचे. हीटरवर थेट वाळत घालू नये. खोलीत जोडीदार असेल आणि कपडे एकत्र धुतले जात असतील तर त्याला हे आधी सांगून ठेवावे, नंतर सांगून उपयोग नसतो.

निघायला महिना उरला असताना नव्याने शिकणाऱ्यांनी एकदम मोजावर उडी घेऊ नये. आधी टोपी. डोक्याचा घेर ५६ सेंमी असेल तर टोपी ४८ सेंमीची हवी. ४ मिमी सुईवर १० सेंमीत २२ टाके पडत असतील तर १०४ टाके, ५ सेंमी बॉर्डर, १३-१४ सेंमी सुलट, मग १३-१३ टाक्यांचे आठ भाग करून फेरीआड प्रत्येक भागात एक घट. आठ टाके उरले की धागा ओढून बंद. ६०-७० ग्रॅम लोकर लागते. यात टाके उचलणे सोडून घट, फेरी, बाकी बहुतेक सगळे हाताला येते आणि टोपी तर कामाला येतेच.

पहिला मोजा झाला की उरलेली १०-१५ ग्रॅम लोकर फेकू नये. लेबलासकट, रंगाच्या लॉट नंबरासकट एका पाकिटात ठेवावी. टाच आणि अंगठ्याखालचा भाग आधी विरतो. मोजा उजेडासमोर धरून तिथून प्रकाश येऊ लागला की भोक पडायची वाट न पाहता बोथट सुईने त्याच धाग्याने टाक्यावर टाका घालून घ्यावा. भोक पडल्यावर उभे-आडवे धागे घालून जाळी विणावी लागते आणि ती गाठ बुटात टोचते.

आपल्या,
विणकाम शिकवणाऱ्या काही मैत्रिणी
पुणे